नाट्यसमीक्षकाचा उत्साह

नाट्यसमीक्षकाचा उत्साह : दीर्घकाळ नाट्यपरीक्षण करणाऱ्या समीक्षकाची नव्या प्रयोगाविषयी टिकून राहिलेली किंवा ओसरलेली उत्सुकता. समीक्षक वर्षानुवर्षे नाटके पाहतो व त्यांतील पुष्कळशी एकाच साच्याची असतात. पहिल्या अंकातच शेवटाचा अंदाज येतो आणि मग प्रयोगाऐवजी त्या अंदाजाचेच परीक्षण लिहिले जाते. उत्साह ओसरण्याचे मुख्य कारण ही पूर्वनिश्चितीच होय. नाटकांची संख्या हे कारण गौण. चित्रपट व व्हिडिओ गेम यांच्या परीक्षकांनाही हा अनुभव येतो. गेमच्या परीक्षकाला तर एकेक खेळ कित्येक तास खेळूनच मत द्यावे लागते.

नाटकाचा प्रयोग मात्र दर वेळी बदलतो. ठाण्यात गडकरी रंगायतन (१९७८) आणि कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर झाल्यामुळे दादर-गिरगावबाहेरील प्रेक्षकांसमवेत तेच नाटक पाहण्याची सोय झाली. शुभारंभाला निमंत्रितांचा भरणा असतो. तिकीट काढून आलेल्या डोंबिवलीकरांमध्ये बसले, की हशा कोठे येतो व चुळबुळ कोठे सुरू होते, हे निराळेच कळते. मुरलेला प्रयोग असा पुन्हा पाहणाऱ्यास आपले पहिले मत तपासता येते; वृत्तपत्री परीक्षणाच्या घाईत ही सवड क्वचितच मिळते.

माधव मनोहर (१९११–९४) यांचा उत्साह शोधकाचा होता. देवलांच्या झुंझाररावसारख्या उघड रूपांतरांची परंपरा मराठीत जुनी आहे. परंतु मूळ न सांगता परकीय नाटकांवर बेतलेल्या कृतींचा उगम ते दांडग्या वाचनाच्या बळावर हुडकून काढीत. अशा समीक्षकाला प्रत्येक नवे नाटक कोड्यासारखे ताजे वाटणे स्वाभाविक होय. तथापि उगम सापडला, की समोर घडलेला प्रयोग दुय्यम ठरण्याचा धोका या पद्धतीत आहेच.

कमलाकर नाडकर्णी (मृत्यू २०२३) यांनी महाराष्ट्र टाइम्स, आपलं महानगर इ. वृत्तपत्रांतून अनेक दशके परीक्षणे लिहिली. व्यावसायिक नाटकांबरोबरच प्रायोगिक व बालरंगभूमीकडेही त्यांचे लक्ष असे. दादरच्या छबिलदास शाळेत १९७४ पासून बहरलेल्या प्रायोगिक चळवळीने त्यांच्या पिढीतील समीक्षकांना ठराविक साच्यांबाहेरचे पुष्कळ दाखविले. महानगरी नाटकं या त्यांच्या परीक्षणसंग्रहात चेष्टा व चीड भरपूर आढळते, कंटाळा मात्र फारसा नाही.