गरम झरा आणि बधिर पाय

मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना आर्कान्सास राज्यातील हॉट स्प्रिंग्ज राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा योग आला. सोबत माझे थोरले बंधू अण्णा होते. त्यांना अठरा वर्षांचा मधुमेह, शिवाय गुडघेदुखी.

या उद्यानात गावाला लागूनच डोंगराच्या पायथ्याशी ४७ गरम झरे आहेत. पाण्याचे तापमान सुमारे ६२ अंश सेल्सिअस. पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि भेगांतून वर येते. १८३२ साली सरकारने हे झरे राखून ठेवले; १९२१ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पूर्वी सांधेदुखीचे रोगी डॉक्टरांच्या सल्ल्याने येथे स्नानाला येत. पुढे प्रभावी औषधे निघाली आणि बहुतेक स्नानगृहे बंद पडली. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणे तात्पुरते हलके होते, हे मात्र खरे.

झऱ्यात उतरून आंघोळ करण्यास तेथे मनाई आहे; स्नानगृहात पाणी निववून देतात. एका जागी मात्र पाण्याला हात लावून पाहता येतो. मी बोट बुडवले आणि झटकन मागे घेतले. तेवढ्यात अण्णांनी बूट-मोजे काढून पाय पाण्यात सोडलासुद्धा!

"अण्णा, पाय काढा!" मी ओरडलो.

"अरे, कोमट तर आहे," अण्णा शांतपणे म्हणाले.

रात्री तळपायाला मोठा फोड आला. जखम भरायला दोन महिने लागले. वाचकहो, रोज इतरांचे पाय तपासणाऱ्या मी सख्ख्या भावाचे पाय कधी तपासले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा निकामी होऊ लागतात. चटका कळत नाही आणि रक्तपुरवठा कमी असेल तर जखमही लवकर भरत नाही. अशी दुर्लक्षित जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. यासाठी अमेरिकेचा झराच हवा असे नाही. आपल्याकडची गरम पाण्याची कुंडे, घरची बादली, शेकायची पिशवीही पुरेशी आहे.

म्हणून मधुमेहींनी गरम पाण्यात पाय शेकत बसू नये. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे. हातही बधिर असतील तर घरच्यांना पाहायला सांगावे. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी फार गरम पाण्यात बसू नये.

भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही लावू नये, फोड फोडू नये. मधुमेहींनी लहानसा फोडही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

अण्णांचा पाय वाचला. आता दर रविवारी मी त्यांचे पाय तपासतो. आज आपल्या घरातल्या मधुमेहींचे पाय आपणही पाहा.