न वितळणाऱ्या गांवांतील शाळा

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाची आपल्या सुशिक्षित घरांना असलेली ओळख बहुधा दोन वाटांनीं आलेली असते. एक वाट म्हणजे भूगोलाच्या पुस्तकांतील बर्फाच्या घराचें चित्र. दुसरी म्हणजे लोकमान्य टिळकांनीं आर्यांच्या मूलस्थानासंबंधानें लिहिलेला, १९०३ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ. तो वाचलेला नसला तरी तेथील दीर्घ रात्र व दीर्घ उषःकाल आपण ऐकून असतों. परंतु त्या रात्रींत घंटा वाजते, मुलें शाळेंत येतात आणि कोणी तरी त्यांची हजेरी घेतो, हें सहसा मनांत येत नाहीं. आज त्या हजेरी घेणाऱ्या शिक्षकाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

कानडा देशाच्या अगदीं उत्तरेस नुनावुत नांवाचा प्रांत आहे. १ एप्रिल १९९९ रोजीं तो वेगळा झाला. वस्ती मुख्यतः इन्युइट लोकांची. पूर्वीं आपण त्यांना एस्किमो म्हणत असूं; त्यांना स्वतःला तें नांव रुचत नाहीं, तेव्हां आपणही सोडून द्यावें. प्रांतांत गांवें अवघीं पंचवीस, आणि एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणारा रस्ता नाहीं. त्यांतील सर्वांत उत्तरेचें गांव ग्रीस फियोर्ड, शहात्तर अक्षांशांच्याही वर. २०२१ च्या शिरगणतींत तेथें १४४ माणसें भरलीं. इन्युइट भाषेंत त्याचें नांव आउयुइत्तुक, म्हणजे ‘जें कधीं वितळत नाहीं तें’. बालवर्गापासून बारावीपर्यंतची एकच शाळा. तिला नांव दिलें आहे तेथील लांब केसांच्या रानबैलाचें.

अशा गांवीं नेमणूक झालेला शिक्षक बहुधा दक्षिणेकडून येतो. नोव्हेंबरच्या आरंभीं मावळलेला सूर्य फेब्रुवारींत पुन्हां दिसतो. मधले तीन महिने शाळा अंधारांत भरते व अंधारांत सुटते. एका खोलींत तीन-चार इयत्ता असतात. धाकट्यांना अक्षरें गिरवावयास बसवून मोठ्यांचे अपूर्णांक घ्यावे, तोंच एखादा उपाशीं आलेला मुलगा ध्यानांत येतो. म्हणून पुष्कळ शाळांतून सकाळची न्याहारीही दिली जाते. संध्याकाळीं मुलांना खेळावयास ऊबदार जागा म्हणजे शाळेचेंच व्यायामगृह. तें उघडावयाचें कोणीं, तर बहुधा शिक्षकानें. नळ जमिनींत पुरतां येत नाहींत, कारण जमीनच बारमास गोठलेली. पाणी मोटारीनें घरोघर टांक्यांत भरलें जातें, आणि वादळांत ती मोटार अडली तर शाळेला सुटी. मालाचें जहाज उन्हाळ्याच्या शेवटीं येतें. पिठापासून कागदापर्यंत वर्षाची बेगमी त्याच वेळीं करावी लागते. जें विसरलें तें विमानानें मागवावयाचें, तेंही हवा विमानाला उतरूं देईल तेव्हां.

थंडी व अंधार अंगवळणीं पडतात. खरी अडचण वर्गांत असते. नवा शिक्षक प्रश्न विचारतो, मुलगा कांहींच बोलत नाहीं, आणि शिक्षकाला वाटतें कीं पोर मठ्ठ आहे किंवा उद्धट आहे. वस्तुतः पोरानें उत्तर दिलेलें असतें. तेथें भुवया उंचावल्या म्हणजे ‘होय’, आणि नाक मुरडलें म्हणजे ‘नाहीं’. आपण मान डोलावतों त्यांतलाच हा प्रकार. हें कळण्यास ज्याला सहा महिने लागले, त्याचे विद्यार्थी सहा महिने मुके ठरले!

त्यांची लिपिही पाहण्यासारखी आहे. व्यंजनाचें चिन्ह एकच. तें ज्या दिशेस फिरवावें त्याप्रमाणें स्वर बदलतो. आपण काना-मात्रा देतों, ते अक्षरच फिरवितात. १८४० च्या सुमारास जेम्स एव्हन्स या मिशनऱ्यानें क्री लोकांसाठीं जी लिपि रचली, तिचेंच हें रूप; आणि तिच्यावर देवनागरीची छाया आहे असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

शिक्षकाकडे गांव साशंक दृष्टीनें पाहतो, यासही कारण आहे. ग्रीस फियोर्ड हें गांव आपोआप वसलेलें नाहीं. १९५३ सालीं सरकारनें सुमारें दोन हजार किलोमीटर दक्षिणेच्या इनुक्जुआक येथून कांहीं कुटुंबें त्या बाजूस आणून सोडलीं. दोन वर्षांनीं परत नेऊं, हें वचन पाळलें गेलें नाहीं. क्षमा मागितली गेली ती २०१० सालीं. अन्य अनेक गांवांतून मुलांना दूरच्या वसतिशाळांत नेण्यांत आलें व तेथें त्यांची भाषा तोडण्यांत आली. त्याबद्दलची क्षमायाचना २००८ ची. ज्या आजीबाई आज नातवाला शाळेच्या दारापर्यंत पोंचवितात, त्यांच्या लेखीं शाळा म्हणजे काय असेल, याची कल्पना करावी.

अशा स्थितींत उपयोगी पडतो तो टिकून राहणारा शिक्षक. वसंतांत कुटुंबें शिकारीच्या तळांवर जातात, वर्ग ओस पडतात. त्यांच्याबरोबर जाऊन जो बर्फावर रात्र काढतो, त्याला पुढें घरोघर चहा मिळतो. पण पुष्कळसे शिक्षक वर्ष-दोन वर्षांत परततात. त्यांना दोष देणें सोपें आहे; तेथें राहून पाहिल्याशिवाय मीं तरी देणार नाहीं. मुलें मात्र नव्या माणसाला, ‘तुम्ही केव्हां जाणार?’ असें विचारावयास शिकतात.

यावर उपाय गांवांतलाच शिक्षक, हें ओळखून १९७९ सालीं फ्रोबिशर बे, म्हणजे आजचें इकालुइत, येथें इन्युइट शिक्षक तयार करण्याचें काम सुरू झालें. तेथें शिकलेली शिक्षिका वर्गांत असली म्हणजे उंचावलेली भुवई वाया जात नाहीं. परंतु अशा शिक्षिका पुरेशा नाहींत. २००८ च्या कायद्यांनीं सर्व इयत्तांत मातृभाषेंतून शिक्षण देण्याचें वचन दिलें होतें, मुदत २०१९ ची. २०२० सालीं, शिक्षक नाहींत या कारणास्तव, ती २०३९ पर्यंत लांबविण्यांत आली, आणि पुढील वर्षीं इन्युइटांच्या प्रतिनिधिसंस्थेनें न्यायालयांत दाद मागितली. कायदा झाला त्या वर्षीं जें मूल सहा वर्षांचें होऊन पहिलींत बसलें, तें २०३९ सालीं सदतीस वर्षांचें असेल, आणि त्याचीं स्वतःचीं मुलें शाळेंत जात असतील.