हिमस्खलन-सूचनेतील तिसरी श्रेणी

स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात पर्वतप्रवाशांकरिता दररोज सायंकाळी ५ वाजता हिमस्थितीची सूचना प्रसृत करते. तीत धोक्याच्या पाच श्रेणी असतात: अल्प, मध्यम, लक्षणीय, मोठा व अतिशय मोठा. युरोपीय देशांनी ही समान श्रेणीव्यवस्था १९९३ साली स्वीकारली.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तिसरी श्रेणी विशेष विचारणीय होय. पाचांत तीन हा अंक मधला. म्हणून वाचक त्याचा अर्थ ‘बेताचा धोका’ असा करतो. वस्तुतः श्रेणीगणिक धोका समप्रमाणात वाढत नसून झपाट्याने वाढतो. तिसऱ्या श्रेणीत ३० अंशांहून अधिक उतारावर एकट्या स्कीपटूच्या भारानेही हिमथर सुटू शकतो. चौथ्या-पाचव्या श्रेणीचे दिवस विरळ असतात, आणि त्या दिवशी बहुतेक प्रवासी डोंगर टाळतात. तिसरीत मात्र आकाश पुष्कळदा निरभ्र असते. स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनाचे सुमारे निम्मे बळी याच श्रेणीत पडतात.

म्हणून मूळ जर्मन ‘एरहेब्लिख’ या संज्ञेकरिता मराठीत ‘मध्यम’ हा शब्द योजणे अयोग्य ठरेल. तो दुसऱ्या श्रेणीचा वाचक आहे. येथे एका पायरीची चूक प्राणांवर बेतू शकते.