लायसन्स आहे, मग पुन्हा ट्रेनिंग कशाला? रायपूरच्या खासगी गाडीवाल्यांसाठी आणि कंपनी ड्रायव्हरांसाठी माहिती

तुम्ही तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत राहता, सीजी 04 ची गाडी दहा-पंधरा वर्षं चालवत आहात, लग्नकार्यासाठी एका रात्रीत नागपूरला जाऊन येता. किंवा तुम्ही सिलतरा-उरला भागातल्या एखाद्या कंपनीत ड्रायव्हर आहात आणि घरचा चुलाच स्टिअरिंगवर चालतो. दोघांच्याही खिशात लायसन्स आहे. ते मिळवताना तुम्ही गाडी सुरू करून दाखवली, थोडं वळण घेतलं, रिव्हर्स घेतली. पावसात ब्रेक मारल्यावर गाडी सरकली तर काय करायचं, समोर बंद पडलेला ट्रक अंधारात कसा ओळखायचा, हे कुणी विचारलं नाही. प्रगत वाहनचालन प्रशिक्षणात हे शिकवलं जातं. त्यासाठी जायचं कुठे, आणि कायद्यात त्याची जागा काय, ते या लेखात वाचा.

तीन वेगळी प्रशिक्षणं, एकच गोंधळ

लोकांचा सर्वात मोठा घोळ इथेच होतो, म्हणून तो आधी सोडवू.

पहिलं प्रशिक्षण नवशिक्यांचं. केंद्र सरकारने 2021 मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. अशा केंद्रात हलक्या वाहनाचा कोर्स जास्तीत जास्त 4 आठवड्यांत 29 तासांचा असतो, तर मध्यम व अवजड वाहनांचा 6 आठवड्यांत 38 तासांचा. केंद्राकडे सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी ट्रॅक असावा लागतो. जागा हलक्या वाहनांसाठी किमान 1 एकर, अवजडसाठी 2 एकर. इथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी माफ आहे. 1 जून 2024 पासून आरटीओची चाचणीच बंद होणार, खासगी स्कूलवालेच लायसन्स देणार, असा निरोप त्या वर्षी मोबाइलवर फिरत होता. मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता की नियम 2021 चेच आहेत, नवीन काही नाही, आणि लायसन्स देण्याचा अधिकार परिवहन खात्याकडेच आहे. तरीही तो निरोप अजून अधूनमधून येतो.

दुसरं प्रशिक्षण सक्तीचं. कायद्यात त्याला ड्रायव्हर रिफ्रेशर कोर्स म्हटलं आहे. त्याविषयी पुढे सविस्तर.

तिसरं ऐच्छिक. लायसन्स आहे, गाडी येते, पण अधिक चांगली आणि सुरक्षित चालवायची आहे, अशा लोकांसाठी. प्रगत प्रशिक्षण म्हणतात ते हे. याने लायसन्सची मुदत वाढत नाही, नवा शेरा मिळत नाही, दंडही माफ होत नाही. एखादा एजंट तसं सांगत असेल तर पैसे देऊ नका.

लायसन्स जप्त झालं तर

मोटार वाहन कायदा, 1988 यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि ती बहुतांशी त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून लागू झाली. त्यातलं कलम 206(4) कंपनी ड्रायव्हरने एकदा तरी वाचावं. वेगमर्यादा ओलांडणं, धोकादायक रीतीने गाडी चालवणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत लावणं, दुचाकीवर तिघे बसणं, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा गुन्ह्यांत पोलीस अधिकारी लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. ‘धोकादायक’ या शब्दात लाल सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं आणि उलट दिशेने येणंही मोडतं.

अधिकारी तुमचं म्हणणं ऐकून घेतो. म्हणणं पटलं तर लायसन्स परत मिळतं. पटलं नाही तर कलम 19 प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने गाडी चालवायला मनाई होऊ शकते आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. तीन महिने संपले की लायसन्स आपोआप हातात येत नाही, रिफ्रेशर कोर्स पूर्ण केल्यावरच येतं.

खासगी गाडीवाला हे तीन महिने रिक्षाने, नाहीतर मुलाला गाडी चालवायला लावून काढेल. कंपनी ड्रायव्हरसाठी ते तीन पगार आहेत. ठेक्यावर असेल तर नोकरीही जाते, कारण तिसऱ्या दिवशी त्या सीटवर दुसरा माणूस बसलेला असतो. म्हणून शिकायचंच असेल तर लायसन्स हातात असताना शिकलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रगत प्रशिक्षणात शिकवतात काय?

बसायची पद्धत आणि आरसे इथून सुरुवात होते. जुन्या चालकांना पहिल्या तासाला हसू येतं. सीट इतकी मागे की ब्रेक पूर्ण दाबला जात नाही, हे दाखवून दिल्यावर हसू थांबतं.

मग वेग आणि अंतर. हा हिशेब तुम्ही घरीही करू शकता. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी 60 किमी वेगाची कार त्या सेकंदात 17 मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी साधारण 20 मीटरनंतर थांबते. एकूण 37 मीटर. ताशी 80 ला हेच अंतर 58 मीटर होतं, 100 ला सुमारे 84. आता वेगळ्या बाजूने बघा. 60 ची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच ठिकाणी 80 ची गाडी अजून ताशी 60 च्या आसपास धावत असते. म्हणजे 20 किमी जास्तीचा वेग ठेवणाऱ्याची धडक 60 च्या वेगाने बसते. रस्ता ओला असेल तर ही सगळी अंतरं आणखी वाढतात.

देशाचे आकडे याला धरूनच आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाखाली नोंदले आहेत.

ब्रेकचा सराव बंद ट्रॅकवर घेतात. एप्रिल 2019 पासून नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे, पण ते चालू झाल्यावर पेडल पायाखाली थरथरतं हे अनेकांना माहीत नसतं. काहीतरी तुटलं असं वाटून माणूस पाय उचलतो आणि नेमका तिथेच धडकतो. ट्रॅकवर दोन-चार वेळा पूर्ण दाबून ठेवायचा आणि त्याच वेळी स्टिअरिंग फिरवून अडथळा टाळायचा सराव केला की ही भीती जाते. वाचून ती जात नाही, एवढं हा लेख लिहिताना कबूल करावं लागेल.

यापुढचा भाग नजरेचा. प्रशिक्षक शेजारी बसतो आणि तुम्हाला मोठ्याने बोलत गाडी चालवायला सांगतो: डावीकडे शाळा, पुढे थांबलेली बस, तिच्या पुढून कुणीतरी निघेल, पाय ब्रेकवर. सुरुवातीला लाज वाटते. पण माणूस काय पाहत नाही, ते यातून लगेच कळतं.

आपल्या भागात ही नजर कुठे लागते ते वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात शेतं ओली असतात, म्हणून गुरं रात्री कोरड्या डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसते. मोकाट गुरांना आवर घालणारी रोका-छेकाची पद्धत छत्तीसगडच्या गावांत जुनी आहे, पण तिच्या भरवशावर महामार्गावर वेग वाढवू नये. दुर्ग, राजनांदगाव, देवरीमार्गे नागपूरकडे जाताना कडेला उभे असलेले बिनदिव्यांचे ट्रक, जगदलपूरकडे जाताना केशकाल घाटातली वळणं, आणि शहरात टाटीबंधला सर्व बाजूंनी येणारी अवजड वाहनं, या तिन्ही ठिकाणी लागणारं कौशल्य एकमेकांपासून वेगळं आहे.

कंपन्यांनी काय तपासावं?

आधी कागद. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला चालक एकूण वजन 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वा प्रवासी व्यावसायिक वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्ट शेरा लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. त्याहून जड वाहनाला योग्य वर्गाचं लायसन्स हवंच. ते नसेल तर विमा कंपनी जखमींना भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते.

पेट्रोल, गॅस, रसायनं नेणाऱ्यांना ही सूट नाही. मंदिर हसौदकडून निघणाऱ्या टँकरच्या चालकाला धोकादायक मालाचा 3 दिवसांचा कोर्स आणि लायसन्सवर तसा शेरा लागतो. हा शेरा 3 वर्षांचा असतो.

मॅनेजरसाठीही एक गोष्ट. वेगमर्यादेच्या कलम 183 मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबर, आपल्या नोकराला तसं चालवायला लावणाराही शिक्षेस पात्र धरला आहे. ‘एअरपोर्टला वीस मिनिटांत पोहोचव’ असं फोनवर सांगणाऱ्या साहेबांनी हे लक्षात ठेवावं. व्यावसायिक वाहनाच्या चालकाच्या कामाला दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. सोळा तास जागलेल्या चालकाला प्रगत प्रशिक्षण देऊन फारसा उपयोग होत नाही.

कोर्सला पाठवलेला दिवस कामाचा धरा आणि शुल्क चालकाच्या पगारातून कापू नका. याची कुठे सक्ती नाही, पण रजा टाकून आलेला चालक वर्गात घड्याळाकडे बघत बसतो.

रायपुरात कुठे जायचं?

केंद्राच्या योजनेत तीन पातळ्या आहेत: राज्य पातळीवर आयडीटीआर म्हणजे वाहनचालन प्रशिक्षण व संशोधन संस्था, त्याखाली प्रादेशिक केंद्र, आणि त्याखाली जिल्ह्याचं चालक प्रशिक्षण केंद्र. छत्तीसगडची आयडीटीआर नवा रायपुरात तेंदुआ इथे आहे. रिफ्रेशर असो वा कंपनीची बॅच, पहिली चौकशी तिथे करा. कुणाला नागपूर-पुण्याकडे राहणाऱ्या नातेवाइकासाठी माहिती हवी असेल तर पुण्यात भोसरीजवळची सीआयआरटी ही केंद्रीय संस्था 1967 पासून काम करते आहे, आणि एसटीसारख्या सार्वजनिक बससेवांचं प्रशिक्षण हा तिचा मुख्य विषय आहे.

रायपुरातले फॉर्म आणि फलक हिंदीत असतात. मराठी घरात वाढलेल्यांना दोन शब्द हमखास अडवतात. ‘चालन अनुज्ञप्ति’ म्हणजे लायसन्स. त्यातला ‘चालन’ आणि दंडाची पावती असलेला ‘चालान’ एक नव्हेत. आणि ‘सड़क सुरक्षा शिक्षा’ असं लिहिलेल्या दारावरून परत फिरू नका. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण.

नाव नोंदवताना मूळ लायसन्स, आधार आणि दोन फोटो जवळ ठेवा. सक्तीचा रिफ्रेशर असेल तर परवाना अधिकाऱ्याचा आदेशही न्या. प्रत्यक्ष गाडीवर किती तास आणि एका गाडीत किती जण, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. दिवसभर वर्गात बसवून संध्याकाळी प्रमाणपत्र देणारी बॅच असेल तर ती सोडून द्या.

त्याच खेपेला लायसन्सची तारीखही बघा. व्यावसायिक लायसन्स 5 वर्षांचं असतं. खासगी लायसन्स वयाच्या तिशीआधी काढलं असेल तर चाळिशीपर्यंत चालतं. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून सारथी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं फॉर्म 1ए प्रमाणपत्र जोडावं लागतं. मुदत संपून एक वर्षाहून जास्त काळ गेला असेल, तर मात्र नवशिक्यासारखी चाचणी पुन्हा द्यावी लागते.