जुन्या मोटारी आणि नव्या रबराचे अल्पायुष्य

पुणे : मोटारीबरोबर कारखान्यातून आलेले रबरी बुश आठ-दहा वर्षे निमूटपणे काम करतात, मात्र त्यांच्या जागी बाजारातून आणून बसविलेले नवे बुश वर्ष-दीड वर्षातच खडखडू लागतात. जुन्या मोटारी जपणाऱ्या पुणेकरांची ही नेहमीची तक्रार आहे. त्यावर 'लोकल माल असाच असतो' हे ठरावीक उत्तर मिळते आणि पुन्हा एकदा नवा भाग बसविला जातो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. रबरी भाग अकाली निकामी होण्यामागे मालाची प्रत हे एक कारण असतेच. परंतु तो भाग दुकानाच्या फळीवर किती वर्षे पडून होता, तो कोणत्या द्रवाच्या संपर्कात आला आणि मेकॅनिकने तो कसा आवळला, यांवरही त्याचे आयुष्य ठरते. यांतील बऱ्याच गोष्टी ग्राहकाला तपासता येतात. ब्रेकच्या बाबतीत तर त्या न तपासणे जिवावर बेतू शकते.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहन तंदुरुस्त असल्यास दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे उत्पादन बंद झालेल्या अनेक मोटारी आजही शहरात धावताना दिसतात. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पिंपरीच्या कारखान्यात तयार होणारी, १९९८ साली आलेली टाटा इंडिका २०१८ मध्ये बंद झाली. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन तर या शतकाच्या प्रारंभीच संपले आणि मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. अशा मोटारींचे कंपनीच्या वेष्टनातील सुटे भाग कालांतराने दुर्मिळ होतात आणि मालकाला नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांची वाट धरावी लागते. पत्रा, नट-बोल्ट, काच यांच्या बाबतीत हे निभावून जाते. रबराचे तसे नाही.

काळे दिसते ते सारे सारखे नसते

रबर हा एकच पदार्थ आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मोटारीतील प्रत्येक रबरी भाग हे दहा-पंधरा घटकांचे मिश्रण असते. कच्चे रबर, त्याला बळकटी देणारी काजळी (कार्बन ब्लॅक), मऊपणा आणणारे तेल, प्राणवायू व ओझोनपासून संरक्षण देणारी रसायने आणि या साऱ्याला पक्के करणारे गंधक असे त्याचे ढोबळ स्वरूप असते. गंधकासह तापविल्यावर चिकट रबर लवचिक व टिकाऊ होते, हे अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगले. या प्रक्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. आजही रबरी भागाचे भवितव्य याच टप्प्यावर ठरते.

स्वस्त मालात काटछाट होते ती नेमकी येथे. महागड्या काजळीऐवजी खडूची भुकटी किंवा माती अधिक प्रमाणात मिसळली जाते, जुन्या टायरपासून मिळविलेले पुनःप्राप्त रबर वापरले जाते, संरक्षक रसायने कमी केली जातात आणि उत्पादन वाढविण्यासाठी भाग साच्यातून लवकर बाहेर काढला जातो. असा अर्धवट पक्का झालेला भाग नवा असताना तळहातावर अगदी व्यवस्थित वाटतो. मात्र इंजिनाच्या भाराखाली तो दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. इंजिनाचे माउंटिंग काही महिन्यांत 'बसते' ते यामुळेच. मग उभ्या मोटारीतही स्टिअरिंग थरथरते आणि सायलेन्सरच्या पाइपावर ताण येतो.

बुश व माउंटिंग यांत रबर धातूला चिकटविलेले असते. त्यासाठी धातूचा पृष्ठभाग नीट खरवडून स्वच्छ करावा लागतो आणि त्यावर विशिष्ट चिकटद्रव्याचे थर द्यावे लागतात. हे काम घाईत उरकले, तर रबर शाबूत राहूनही धातूपासून सुटते. अशा वेळी रबराचा कडकपणा तपासून काहीच निष्पन्न होत नाही. कारण दोष रबरात नसतो, जोडात असतो.

उष्णता आणि ओझोन

उत्तम रबरही कालांतराने म्हातारे होते. हवेतील प्राणवायू रबराच्या साखळ्यांवर सतत परिणाम करीत असतो आणि उष्णता या क्रियेला वेग देते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की अशी रासायनिक क्रिया साधारणतः दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. इंजिनातील शीतक द्रवाचे तापमान ९० अंशांच्या आसपास असते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा ४० अंशांकडे झुकतो, तेव्हा वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली हवा खेळत नाही आणि तेथील होज, बेल्ट व माउंटिंग अक्षरशः भाजून निघतात.

दुसरा शत्रू ओझोन. वाहनांच्या धुरातील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या 'सफर' प्रकल्पात शहराच्या हवेतील अन्य प्रदूषकांबरोबर ओझोनचीही मोजणी केली जाते. हवेतील अत्यल्प ओझोनही ताणलेल्या रबराला चिरा पाडू शकतो. या चिरा नेहमी ताणाच्या आडव्या दिशेने पडतात. अ‍ॅक्सलच्या रबरी बूटच्या घड्यांमध्ये किंवा होजच्या वळणावर प्रथम भेगा दिसतात, त्या यामुळेच. संरक्षक रसायनांत काटकसर केलेला भाग येथे सर्वांत आधी हार मानतो.

वेष्टन मूळ, पण माल जुना

'कंपनीचा जुना स्टॉक' हाती लागला की जुन्या मोटारीच्या मालकाला खजिना सापडल्याचा आनंद होतो. धातूच्या भागाबाबत तो रास्तही असतो. रबराचे वय मात्र साच्यातून बाहेर पडल्या दिवसापासून मोजले जाते. ते मोटारीला लागले की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. रबरी मालाच्या साठवणुकीविषयीच्या आयएसओ २२३० या आंतरराष्ट्रीय मानकात रबराचे तीन गट केले आहेत. नैसर्गिक रबर असलेल्या गटाला प्रारंभी ५ वर्षे, नायट्राइल व निओप्रीन यांच्या गटाला ७ वर्षे, तर ईपीडीएम, सिलिकॉन व फ्लुओरोकार्बन रबरांच्या गटाला १० वर्षे साठवणकाल सुचविला आहे. तपासणीनंतर त्यात मर्यादित वाढ करता येते. तीही थंड, अंधाऱ्या व कोरड्या जागी माल ठेवला असेल तर.

पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन तपे उलटली आहेत. त्या काळातील मूळ वेष्टनात आज ब्रेकचे रबरी वॉशर मिळाले, तर ते संग्रहासाठी ठीक. मोटारीला बसविण्यासाठी नव्हे. अलीकडे तयार झालेला, ख्यातनाम उत्पादकाचा पर्यायी भाग त्यापेक्षा निश्चितच सुरक्षित ठरतो.

चुकीचा द्रव, चुकीची जागा

प्रत्येक रबराचे एखाद्या द्रवाशी जमते आणि दुसऱ्याशी हाडवैर असते. नायट्राइल रबर इंजिन ऑइल सहन करते; ईपीडीएम रबर ऑइलमध्ये फुगते, परंतु रेडिएटरचे गरम पाणी आणि ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे सोसते. ब्रेकला नावापुरते 'ऑइल' म्हटले जाते. रासायनिकदृष्ट्या ते इंजिन ऑइलपेक्षा सर्वस्वी निराळे असते.

हा फरक लक्षात न घेतल्याने चांगला माल गॅरेजमध्येच खराब होतो. ब्रेकचे व्हील सिलिंडर उघडल्यावर पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. सिलिंडरमध्ये उरलेला अंश नव्या रबरी वॉशरमध्ये मुरतो, वॉशर फुगतो आणि ब्रेक धरून राहतो. हे भाग केवळ स्वच्छ ब्रेक ऑइलने किंवा त्यासाठी बनविलेल्या द्रवानेच धुतले पाहिजेत. पावसाळ्यापूर्वी मोटारीच्या खालच्या बाजूला डिझेल किंवा वापरलेले ऑइल फवारण्याची पद्धतही अशीच घातक आहे. पत्रा गंजू नये, बुशची कुरकुर थांबावी हा त्यामागील हेतू असतो. कुरकुर थांबतेही, परंतु नैसर्गिक रबराचे बुश तेल पिऊन फुगतात आणि काही महिन्यांत लगदा होतात. दोष मात्र विकणाऱ्याच्या माथी येतो.

आवळण्यातील चूक

निलंबन व्यवस्थेतील, म्हणजेच सस्पेन्शनमधील, बुश अकाली जाण्याचे सर्वाधिक दुर्लक्षित कारण बसविण्याच्या पद्धतीत आहे. मोटार जॅकवर किंवा लिफ्टवर उचलली की चाके खाली लोंबतात. त्याच स्थितीत लोअर आर्मचा बोल्ट पूर्ण आवळला, तर धातूला चिकटविलेले रबर त्या कोनात पक्के होते. मोटार जमिनीवर टेकताच आर्म वर जातो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. पुढे प्रत्येक गतिरोधकावर आणि खड्ड्यात हा पीळ वाढत जातो व रबर फाटते. योग्य रीत अशी, की बोल्ट आधी हलका आवळावा, मोटारीचे वजन चाकांवर येऊ द्यावे आणि मगच तो पूर्ण आवळावा. या कामाला दहा मिनिटे अधिक लागतात. बुशचे आयुष्य मात्र त्यामुळे कितीतरी वाढते. बुश एका बाजूचाच न बदलता डाव्या-उजव्या जोडीने बदलावा आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे, हेही तितकेच आवश्यक आहे.

इथेनॉलची नवी कसोटी

पेट्रोलवरील जुन्या मोटारींपुढे आता आणखी एक प्रश्न उभा आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमुळे काही प्रकारची जुनी रबरे फुगतात, त्यांतील मऊपणा देणारे तेल निघून जाते आणि मोटार दीर्घकाळ उभी राहून इंधन सुकले की ती आक्रसून तडकतात. काही जुन्या वाहनांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात. हे काम कमी खर्चाचे असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊ शकते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील निवेदनात म्हटले होते.

या सल्ल्याचा उपयोग होण्यासाठी एक अट मात्र पाळावी लागते. बदललेला भाग स्वतः इथेनॉल सोसणारा हवा. बाजारात मीटरच्या हिशेबाने कापून मिळणारी निनावी इंधननळी बसविली, तर खर्च होऊनही धोका तसाच राहतो. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडल्यास आग लागू शकते. त्यामुळे इंधननळी घेताना ती २० टक्के इथेनॉलसाठी योग्य असल्याचा उत्पादकाचा स्पष्ट उल्लेख पाहणे अगत्याचे आहे.

काटकसर कोठे करावी?

प्रत्येक रबरी भाग महागडाच घ्यावा, असे नाही. पेडलवरील रबर, बॉनेटचे बफर, दाराचे बीडिंग, पायाखालचे मॅट यांत स्थानिक माल चालतो. तो लवकर खराब झाला, तर गैरसोय होते. अपघात होत नाही. बुश आणि इंजिन माउंटिंग यांत मध्यम मार्ग काढता येतो. मात्र ब्रेकचे होज व वॉशर, इंधननळी आणि टायमिंग बेल्ट यांत तडजोड करू नये. ब्रेकचे होज बाहेरून ठाकठीक दिसत असतानाच आतून फुगते. पेडल दाबल्यावर द्रव पुढे जातो, पण सहज परत येत नाही. मोटार ब्रेक लावताना एका बाजूला ओढू लागली किंवा एखादे चाक विनाकारण तापू लागले, तर होजची तपासणी तातडीने करावी. ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ हे भारतीय मानक आहे; त्याची खूण नसलेले होज स्वस्त मिळाले तरी नाकारावे. मारुती ८०० आणि डिझेल इंडिका या दोन्हींच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो झाकणाआड असल्याने सहसा दिसत नाही. म्हणून किलोमीटरबरोबर त्याचे वयही मोजावे.

अ‍ॅक्सलचा बूट हा याच प्रकारातील, पण वेळेवर लक्ष दिल्यास स्वस्तात सुटणारा प्रश्न आहे. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते आणि धूळ-चिखल आत शिरतो. चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीसचे फटकारे दिसताच बूट बदलला तर केवळ बुटाचाच खर्च येतो; वळताना 'कट-कट' आवाज येईपर्यंत थांबल्यास संपूर्ण जॉइंट बदलण्याची वेळ येते.

ग्राहकाने काय पाहावे?

वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. रबरी भाग घेताना यांतील निर्मितीचा महिना सर्वांत मोलाचा. तो नसेल, खाडाखोड केलेली असेल किंवा त्यावर दुसरे लेबल चिकटविले असेल, तर तो भाग घेऊ नये. रबर व धातूच्या जोडाची कड बोटाने चाचपावी. तेथे फट किंवा सुटलेला पापुद्रा असता कामा नये. होज हलके वाकवून वळणावर बारीक भेगा दिसतात का, ते पाहावे. पक्के बिल घ्यावे आणि वेष्टन जपून ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष मालामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकावर, तसेच ठरावीक परिस्थितीत विक्रेत्यावरही दायित्व येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. मात्र बिलाविना तक्रारीला बळ राहत नाही.

वाहनांची व त्यांच्या भागांची चाचणी करणाऱ्या 'एआरएआय' आणि 'सीआयआरटी' या दोन नामवंत संस्था पुणे परिसरातच आहेत. परंतु सुटा बुश घेऊन प्रयोगशाळेची पायरी चढणे सामान्य वाहनधारकाला शक्य नाही. त्याच्यापुरती प्रयोगशाळा म्हणजे वेष्टनावरील तारीख, हातातले बिल आणि विश्वासाचा मेकॅनिक. पुढच्या वेळी बुश बदलताना 'कोणत्या कंपनीचा?' या प्रश्नाबरोबर 'केव्हाचा?' आणि 'बोल्ट गाडी खाली घेऊन आवळणार ना?' हे दोन प्रश्नही विचारले, तर तेच काम वर्षभरात पुन्हा करण्याची वेळ बहुधा येणार नाही.