दीड विदर्भ आणि एक सतरा सीटर

चला, झिरो माइलपासून निघू. नागपूरकराला अंतर मोजायचं म्हटलं की दुसरी जागा सुचतेच कुठे? आज मोजायची आहेत देश सोडून गेलेली माणसं, आणि त्यांचं इथे उरलेलं मत.

परराष्ट्र मंत्रालयाच्या हिशेबाने परदेशात राहणारे भारतीय आणि भारतीय वंशाचे लोक आहेत सुमारे ३ कोटी ५४ लाख. नुसता आकडा डोक्यात शिरत नाही ना? मग असं बघा. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अख्ख्या विदर्भाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत होती २ कोटी ३० लाख. म्हणजे दीड विदर्भ परदेशात! त्यातले १ कोटी ५८ लाख लोक अजून भारताचेच नागरिक आहेत. नागपूर लोकसभा मतदारसंघात २०२४ साली २२ लाखांवर मतदार होते. मुलंबाळं धरून मोजली, तर ही माणसं असले सात मतदारसंघ भरतील. समुद्र सात, मतदारसंघही सात!

बाकीच्यांचं काय? त्यांच्या खिशात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं ९ वं कलम सरळ आहे: स्वखुशीने दुसरं नागरिकत्व घेतलं, की भारताचं संपलं. एकट्या २०२२ साली २ लाख २५ हजार ६२० जणांचं ते संपलं. दिवसाला सहाशेच्या वर, तासाला पंचवीस. आणि २०११ ते २०२४ या चौदा वर्षांची बेरीज? २० लाख ८६ हजार! एका मीटरमध्ये तीन माणसं, अशी दाटीवाटीने समृद्धी महामार्गावर रांग लावा. नागपुरात शिवमडक्याला पहिला माणूस उभा केला, तर शेवटचा पोहोचेल पार भिवंडीच्या उंबरठ्यावर. ७०१ किलोमीटरच्या रस्त्यात जेमतेम पाच-सहा किलोमीटर रिकामे राहतील.

या रांगेतल्या अनेकांनी ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड काढलेलं असतं. अशी चाळीस लाखांहून अधिक कार्डं वाटली गेली आहेत. आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही. पण मत नाही, उमेदवारी नाही, आणि वर्ध्याला चार एकर शेती घ्यावी म्हटलं, तर तीही नाही.

आता पैसा मोजू. २०२४-२५ मध्ये परदेशातून भारतीयांनी घरी धाडले सुमारे १३५ अब्ज डॉलर. रुपयांत ११ लाख कोटींच्या वर! ५५ हजार कोटींचा समृद्धी महामार्ग घ्या. एका वर्षात तसले वीस बांधून होतील. मिनिटाला दोन कोटी रुपये! नागपूरचं मतदान झालं १९ एप्रिल २०२४ ला, सकाळी ७ ते संध्याकाळी ६. याच वेगाने धरलं, तर बोटांना शाई लागत होती तेवढ्या अकरा तासांत तेराशे कोटींच्या वर रक्कम देशात येऊन पडली.

पैसा घरबसल्या येतो. मताला मात्र स्वतः यावं लागतं.

आधी तर तीही सोय नव्हती. परदेशात सहा महिने काढले की यादीतून नाव कट. २०१० साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०-अ हे कलम आलं आणि २०११ पासून अनिवासी भारतीयाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार होता येऊ लागलं. ६-अ नंबरचा फॉर्म भरायचा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत जोडायची. मतदार ओळखपत्र मिळत नाही. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन आपल्याच बूथवर हजर व्हायचं.

हजर व्हायचं म्हणजे किती लांबून? न्यू जर्सी ते नागपूर साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन पंचवीस हजार, म्हणजे मुंबई-पुणे १६६ वेळा. एक बटण दाबायला! इथल्या मतदाराला दोन किलोमीटरच्या आत बूथ मिळावं, हा निवडणूक आयोगाचा दंडक. तिथल्याला सहा हजार पट लांब. अरुणाचलातल्या मालोगाम इथे २०२४ मध्ये एका, फक्त एका मतदार बाईंसाठी कर्मचारी चाळीसेक किलोमीटर गेले आणि बूथ मांडलं! सैनिकांची आणि दूतावासातल्यांची मतपत्रिका तर इंटरनेटवरून जाते; २०१९ मध्ये अशा दहा लाखांहून अधिक मतपत्रिका भरून परत आल्या. फ्रान्सने परदेशातल्या फ्रेंचांसाठी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ११ जागाच राखल्या आहेत. आपल्याकडे दुसऱ्याच्या हातून मत देण्याचं विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झालं, आणि पुढे बारगळलं.

आता श्वास रोखा. २०१९ मध्ये येऊन मत दिलं २५,६०६ जणांनी. त्यातले २५,५३४ केरळचे. आखात जवळ, संघटना जोरात. मग उरलेल्या भारताचे किती? बहात्तर! स्लीपरचा एक डबा. साइड अपर धरून.

२०२४ मध्ये यादीतली नावं वाढून झाली १,१९,३७४. मतं पडली २,९५८. दीड कोटीच्या वर नागरिक, आणि मतं तीन हजारही नाहीत! ऐन गर्दीच्या वेळची मुंबईची लोकल घ्या, तिच्यात हेच नागरिक पाच हजार कोंबा. त्या अख्ख्या गाडीत मत दिलेला माणूस शोधत फिरा. मिळाला तर एक मिळेल.

आणि महाराष्ट्र? मुंबई, पुणे, नागपूर, सगळं धरून यादीत नावं ५,०९७. बूथवर पोहोचले सतरा. सतरा हजार नाही, सतराशे नाही, सतरा! वऱ्हाड न्यायला आपण सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतो ना, राज्याचं सगळं परदेशी मतदान त्यात सामानासकट बसतं. ड्रायव्हर वेगळा, पण त्याचं धरायचं नाही, तो सकाळी सातलाच मत देऊन आलाय.