सान्नाइ-मारुयामा येथील प्राचीन वसाहत

मनुष्य प्रथम भटका होता, पुढें तो धान्य पेरूं लागला व मग घर बांधून स्थिर झाला, असा क्रम शालेय पुस्तकांतून रूढ झालेला आहे. जपानांतील सान्नाइ-मारुयामा येथील उत्खननानें या क्रमास बाध येतो. म्हणून त्याची हकीकत संक्षेपानें वाचकांपुढें मांडीत आहों.

हें स्थळ होन्शू बेटाच्या उत्तर भागीं आओमोरी शहरांत आहे. तेथें पुराणावशेष असल्याचें एदो काळापासून ठाऊक होतें. परंतु बेसबॉलच्या क्रीडागारासाठीं इ. स. १९९२ त खणती सुरू झाली, तेव्हां त्याचा खरा विस्तार कळला. इ. स. १९९४ त तेथील प्रांतिक सरकारनें चालू बांधकाम थांबविलें. इ. स. २०२१ त इतर सोळा स्थळांसह त्याचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला.

वसाहतीचा काळ आजपासून सुमारें ५९०० ते ४२०० वर्षांपूर्वींचा, म्हणजे जोमोन संस्कृतीचा होय. ‘जोमोन’ म्हणजे दोरीची खूण. ओल्या मडक्यांवर दोरी दाबून उठविलेल्या नक्षीवरून हें नांव पडलें. जमीन खोदून बांधलेलीं घरें, सुमारें ३२ मीटर लांबीचें एक विस्तीर्ण गृह, रस्त्याच्या कडेनें प्रौढांच्या कबरी, आणि मडक्यांत पुरलेलीं बालकें, असे अवशेष तेथें मिळाले. ज्वालामुखीची काळी कांच होक्काइदोहून व हिरवा जेड शेंकडों मैलांवरील इतोइगावाहून येई. एवढा व्याप, परंतु भातशेती नाहीं! निर्वाह मासे, ससे, उडत्या खारी, अक्रोड व चेस्टनट यांवर होता. तेथील चेस्टनट फळांची आनुवंशिक घडण फार एकसारखी आढळली. त्यावरून लोक हीं झाडें निवडून जोपाशीत असावेत, असें विद्वान मानितात.

सर्वांत प्रसिद्ध अवशेष म्हणजे सहा खळगे. प्रत्येक सुमारें २ मीटर रुंद व तितकाच खोल असून परस्परांतील अंतर ४.२ मीटर आहे. आंत सुमारें १ मीटर जाडीच्या चेस्टनट खांबांचे बुंधे होते. आज तेथें तीन मजल्यांचा उंच मनोरा उभारलेला दिसतो. परंतु खळगे व बुंधे हें प्रत्यक्ष, मनोरा हें अनुमान. ती टेहळणीची जागा होती कीं पूजेची, याविषयीं मतभेद आहे.

तात्पर्य, पेरणीवांचूनहि गांव दीर्घकाळ नांदूं शकतें. मात्र क्रीडागार पुरें झालें असतें, तर हा पुरावा कायमचा नष्ट होऊन जुनाच समज दृढ राहिला असता. इतिहासाचें साधन एकदां मोडलें म्हणजे तें पुन्हां घडवितां येत नाहीं, हें आम्हीं विसरतां कामा नये.